वरचं पाणी, खालचं पाणी

नोकरीतली बरीच प्रकरणं माझ्या डोक्यातून गेली. दरोडे विसरलो, खूनसुद्धा विसरलो. हे तळ्याचं प्रकरण तेवढं आजही जसंच्या तसं आठवतं, कारण त्यात पहिल्याच दिवशी मी चुकीचा माणूस उचलून आणला होता. नावं कोणाचीच लिहिणार नाही. भोपाळजवळच्या मंडीदीपच्या बाजूचं एक गाव होतं, एवढं वाचणाऱ्याला पुरे.

माझे वडील नागपूरहून सरकारी कचेरीबरोबर भोपाळला आले. चपराशी होते. मी आठवी कसाबसा पास, नववीत दोनदा गटांगळ्या खाल्ल्या. त्या काळी तेवढ्यावर शिपायाची भरती व्हायची. पुढे एकेक पायरी चढत सहायक उपनिरीक्षक झालो. खांद्यावर एकच तारा लागला, पण तो कोणाच्या चिठ्ठीनं लागलेला नव्हता. माझं शुद्धलेखन आजही चुकतं. पंचनामा मात्र कधी चुकला नाही, हे मी कोणापुढेही सांगेन.

पितृपक्ष चालू होता. सकाळची गणना झाली, म्हणजे कोण हजर, कोण बंदोबस्तावर, कोण रजेवर हे रोजनामच्यात चढलं, आणि मी चहा मागवणार तेवढ्यात मासळीचा ठेकेदार ठाण्यात आला. बरोबर चार माणसं आणि एक ओलं पोतं. पोतं त्यानं सरळ ठाण्याच्या कारकुनाच्या, म्हणजे मुन्शीच्या, टेबलासमोर ओतलं. रोहू, कतला, सगळे मेलेले. वास असा सुटला की हवालातीतला दारुडासुद्धा उठून बसला.

"माझं तळं मारलं," ठेकेदार म्हणाला. "सिंघाडेवाल्यानं औषध टाकलं. लिहून घ्या."

इथं त्या तळ्याची रीत सांगायला हवी. तळं पंचायतीचं. मासळीचा ठेका पंचायत लिलावानं देते, त्याचा कागद होतो, त्यावर शिक्का बसतो. पण त्याच तळ्यात वरच्या अंगाला सिंघाड्याची वेल पसरते. काही लोक त्याला शिंगाडा म्हणतात, भोपाळात आम्ही सिंघाडाच म्हणतो. तो एकच घराणं तीन पिढ्या लावत आलेलं. त्यांचा कागद नाही. दरसाल बांधावर नारळ फुटतो, सरपंच आणि ठेकेदार हजर असतात आणि तोंडी ठरतं: पाण्याखालचं ठेकेदाराचं, पाण्यावरचं सिंघाडेवाल्याचं. एकाच पाण्याचे दोन मालक, वरचा आणि खालचा. वर्षानुवर्षं निभलं होतं.

आता सिंघाड्याच्या पानावर लाल भुंगा पडतो. पान चाळणीसारखं करून टाकतो. त्यासाठी पंपानं औषध मारावं लागतं, आणि औषध जास्त झालं तर खालचे मासे मरतात. यावरून दोन्ही घरांत आधीही दोनदा शिवीगाळ झालेली, ती आमच्या नोंदीतही होती. तेव्हा ठेकेदाराचं म्हणणं मला पटलं. पटणारच. त्याच्याकडे कागद होता, भांडणाची जुनी नोंद होती, आणि टेबलासमोर मासे पडले होते.

मी गावात गेलो. सिंघाडेवाल्याच्या झोपडीत पंप मिळाला, औषधाची अर्धी बाटली मिळाली. जप्ती केली. त्याला जीपमध्ये घातलं. पन्नाशीचा, काटकुळा माणूस. सिंघाड्याचे काटे लागून लागून बोटांची टोकं काळी पडलेली. तो गडबडला नाही, रडला नाही. एवढंच म्हणाला, "रविवारी पंचायत बसणार आहे, साहेब. तोवर मी आत असलो तर तळं गेलं माझं."

ते खरं होतं. ठेकेदारानं ठाण्यात येण्याआधीच पंचायतीत अर्ज टाकला होता की या घराण्याला तळ्यावरून कायमचं उठवा. नवरात्र दहा-बारा दिवसांवर आलेलं. सिंघाड्याची पहिली तोड नवरात्राच्या तोंडावर होते, कारण उपासाला भोपाळ शहरात सिंघाडा हातोहात जातो. वर्षाची सगळी कमाई त्या दीड-दोन महिन्यांत. आणि हा माझ्या जीपमध्ये.

गुन्हा जामीनपात्र होता. कायद्यानं त्याला ठाण्यातूनच जामीन मिळाला असता. पण जामीनदार लागतो, आणि जामीनदाराकडे जमिनीची बही, म्हणजे मालकीची पुस्तिका, लागते. त्याच्या जातभाईंपैकी कोणाकडेच जमीन नव्हती. सगळे पाण्यावर जगणारे. पाण्याची बही निघत नाही. तेव्हा तो बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला बाहेर काढून बाकावर बसवलं, चहा दिला आणि विचारपूस सुरू केली. बोलणं हिंदीत झालं, मी मराठीत लिहितो.

"औषध तुझ्या झोपडीत मिळालं."

"मिळणारच. सिंघाडा लावतो. झोपडीत औषध नाही ठेवणार तर काय गुलाबजल ठेवू?"

मुन्शी हसला. मी त्याच्याकडे बघितलं, तेव्हा गप्प झाला.

"मारलं कधी?"

"गणपती बसले त्या आठवड्यात. त्यानंतर पंप उचललेला नाही. तोड लागायच्या आधी पंधरा दिवस आमच्यात कोणी पंप उचलत नाही. लोक उपासाला कच्चा खातात, साहेब. बाया खातात, लेकरं खातात."

"असं सगळेच म्हणतात."

"मग माझं नका ऐकू," तो म्हणाला. "भुंग्याला विचारा."

"काय?"

"तळ्यावर जा. पानावर भुंगा मेलेला दिसला तर औषध मी मारलं, मला आत ठेवा. भुंगा जिवंत असला तर विचार करा. असं कुठलं औषध आहे जे पानावरच्या भुंग्याला सोडतं आणि पाण्यातला मासा मारतं?"

मी चहा तसाच ठेवला आणि जीप काढायला सांगितली. मी शेतकरी नाही, मच्छीमार नाही, पण एवढं मलाही कळतं की औषध वरून मारतात आणि आधी वरचाच मरतो. हे मी काल विचारायला हवं होतं. काल मी मासे बघितले, कागद बघितला, पान उलटून बघितलं नाही.

तळ्यावर गेलो तर त्याची बायको बांधावरच उभी होती, बाजूला डोंगी, म्हणजे छोटी होडी, बांधलेली. मला बघून तिनं पदर खोचला. "आता कोणाला न्यायला आलात? मी तयार आहे."

"डोंगी काढ," मी म्हणालो. "मला पानं बघायचीत."

तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "बसा. पण पोट आत घ्या, साहेब. ही डोंगी बारीक माणसांसाठी केलेली आहे."

माझ्याबरोबरचा हवालदार बांधावर हसत राहिला. मी बसलो. ती हातानं वेल बाजूला सारत डोंगी पुढे नेत होती. पानापानावर लाल भुंगे चालत होते. धडधाकट. पानांना भोकं पाडत होते. आणि त्याच पानांच्या मधल्या फटीत मासे पोट वर करून तरंगत होते. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आणि तिथंच डोंगीत बसून टिपून घेतलं.

नाला जिथून तळ्यात शिरतो त्या टोकाला तिनं एक वेल उपटून वर धरली. वरून पान हिरवं. खाली मुळं काळी, चिकट, आणि तेलासारखा तवंग.

"हे बघा," ती म्हणाली. "वरचं आमचं, ते जिवंत. खालचं ठेकेदाराचं, ते मेलं. विष खालून आलं. आम्ही खालच्या पाण्याला हात लावत नाही, शपथ घातलेली आहे बांधावर."

ठाण्यात येऊन मी सिंघाडेवाल्याला सोडलं. रोज सकाळी हजेरी द्यायची, या अटीवर. चोवीस तास भरायच्या आतच सोडलं, म्हणजे कायद्यानं मी मोकळा. पण गावात त्याला पोलिसांनी नेलं हे सगळ्यांनी बघितलं होतं. सोडलं हे कोणी बघत नाही. गावाच्या हिशेबी दोषी तोच, आणि रविवारला चार दिवस राहिले होते.

पाण्याचा नमुना घ्यायला प्रदूषणाच्या कार्यालयाला मुन्शीनं आधीच फोन केला होता. दुपारी त्यांची एक बाई आली, तिशीची, जीन्स घातलेली, हातात बाटल्यांची पेटी. मी माझ्या परीनं नमुना आधीच काढून ठेवला होता. तो तिच्या पुढे ठेवला.

तिनं बाटलीला नाक लावलं आणि माझ्या छातीवरची नावाची पट्टी वाचून सरळ मराठीत म्हणाली, "काका, ही दारूची बाटली आहे."

"धुतली आहे."

"रिपोर्टमध्ये येईल की तळं प्यायलेलं होतं."

भोपाळच्या पिपलानी वसाहतीत वाढलेली मुलगी. वडील तिथल्या कारखान्यात फोरमन होते. मला कोणी चूक काढलेली आवडत नाही, आणि आठवी पास माणसाची एमएस्सी झालेल्यानं काढलेली तर मुळीच नाही. पण काम तिचं चोख होतं. तिनं तीन ठिकाणचे नमुने घेतले, सील केलं, माझी सही घेतली. नाल्याच्या टोकाशी पाणी घेताना तिचा चेहरा बदलला.

"हे शेतातलं औषध नाही," ती म्हणाली. "हे कारखान्यातलं आहे. कुठला पदार्थ ते प्रयोगशाळा सांगेल, पंधरा दिवस लागतील."

"मग मंडीदीपच्या कंपन्यांवर छापा टाक ना."

"काका, मी दर काही महिन्यांनी इथल्या कंपन्यांना जाते. नियम असा आहे की कंपनीच्या बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या तोंडाशी नमुना घ्यायचा. तिथं पाणी स्वच्छ असतं. अगदी माझ्या आईच्या स्वयंपाकघरासारखं."

"मग घाण जाते कुठं?"

"कागदावर ती सरकारमान्य जागी जाते, विल्हेवाट लावायला. ती जागा लांब आहे आणि दर मोठा आहे. म्हणून कंपनी ते काम ठेक्यानं देते. ठेकेदार पोचपावती आणून देतो, ती फायलीला लागते."

"आणि खरंच?"

"ते तुम्ही शोधा. माझ्याकडे बाटल्या आहेत, काठी नाही."

नाला मंडीदीपच्या कारखान्यांकडून येतो आणि डांबरी रस्त्यावरच्या एका पुलाखालून जातो. त्या पुलाजवळ पंक्चर काढणाऱ्याचं टपरं होतं. हा माणूस तरुणपणी गाड्यांची चाकं चोरायचा. मी त्याला दोनदा आत टाकलं होतं. सुटून आल्यावर त्यानं चाकांचाच धंदा टाकला, या वेळी सरळ. मी हवालदार असताना तो मला दीवानजी म्हणायचा, बढती झाली तरी दीवानजीच म्हणत राहिला. खबऱ्या म्हणून मी त्याला कधी काही दिलं नाही. तो फुकट बोलायचा, बोलायची हौस होती म्हणून.

मी त्याला विचारलं, "पुलावर कोणी थांबतं का?"

"दीवानजी, पुलावर सगळेच थांबतात, तुमचे शिपाईसुद्धा. नेमकं विचारा."

"टँकर?"

त्यानं टायर सोडून हात पुसले. "एक आहे. वर मोठ्या अक्षरांत पाणी लिहिलंय. तुमच्या त्या गावातून बोअरचं पाणी भरतो आणि कंपनीत नेतो. आता मला सांगा, पाण्याची गाडी एका बाजूनं भरून जाते, एका बाजूनं रिकामी येते. बरोबर?"

"बरोबर."

"टायर खोटं बोलत नाही. ही गाडी जाताना दबलेली आणि येतानाही दबलेली. हलकी दिसते ती फक्त मधेच गावाकडून येऊन पुलावर थांबते तेव्हा. गाव कंपनीला पाणी देतं हे समजलं. कंपनी गावाला काय देते, प्रसाद?"

दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता आम्ही तो टँकर पुलाजवळ अडवला. गावाकडे निघाला होता. ड्रायव्हर उतरला, कागद दाखवले, सगळे ठीक. टाकीचं झाकण उघडा म्हणालो तर किल्ली मालकाकडे आहे म्हणाला. गाडी ठाण्याच्या आवारात लावून त्याला व्हरांड्यात बसवलं.

नवीन पोरांना मी नेहमी एक गोष्ट शिकवायचो. खोटं बोलणाऱ्याला मोठा प्रश्न आवडतो. त्याची त्यानं रात्रभर तयारी केलेली असते. लहान लहान प्रश्न विचारा. लहान प्रश्नाची तयारी कोणी करत नाही. हात उचलायची गरज पडत नाही.

"गावाकडे जाताना गाडीत काय असतं?"

"काही नाही साहेब, रिकामी."

"बरं. बोअरवर भरायला वेळ किती लागतो?"

"वीज असली तर अर्धा तास."

"जेवतोस कुठं?"

"कंपनीच्या गेटजवळ ठेला आहे."

"आणि पुलावर थांबतोस ते कशाला? तिथं तर ठेला नाही."

"टाकी धुवायला," तो म्हणाला.

मी खाली मान घालून लिहीत राहिलो. त्यालाही कळलं नाही तो काय बोलला. मग मी पेन ठेवलं.

"रिकामी टाकी धुतोस कशाला?"

त्यानं माझ्या पेनाकडे बघितलं. नंतर एकदम सुटला. "आधी नव्हतो धूत, साहेब. महिना झाला असेल. कंपनीवाले ओरडायला लागले, तुझ्या पाण्याला वास येतो म्हणे. पाणी परत पाठवायला लागले. मालक म्हणाला, पाणी चांगलं दिसलं पाहिजे, नाहीतर गाडी बंद. मग मी घाण खाली करून आलो की पुलाशी टाकी खंगाळायचो, मग बोअरवर जाऊन चांगलं पाणी भरायचो. मी पाण्यात बेइमानी नाही केली."

त्याला खरंच तसं वाटत होतं. त्याचा सगळा गुन्हा त्या धुण्यातच होता, आणि ते धुणं त्याच्या मते इमानदारी होती.

"नाल्यातच का?"

"नाला कोणाचाच नाही ना, साहेब. कोणाच्या दारात नाही केलं."

हे वाक्य मी जबाबात जसंच्या तसं घेतलं. नोकरीत असं अनेकदा ऐकलं, वेगवेगळ्या तोंडून. सरकारी झाड, सरकारी जमीन, सरकारी नाला. ज्याच्यावर सरकार लिहिलेलं असतं ते माणसाला बेवारस वाटतं.

घाण तो कुठं खाली करायचा हे विचारायची गरजच पडली नाही, आपणच घेऊन गेला. गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याच्या सोयाबीनमागे खड्डा होता. खाली प्लास्टिक घातलेलं, तेही फाटलेलं. आत काळं पाणी, आजूबाजूला गवत नाही. तिथून चाळीस पावलांवर त्याचा बोअर, ज्यातून तो पाणी विकत होता. म्हणजे टँकर कंपनीतून घाण आणायचा, इथं ओतायचा, पुलावर जाऊन धुवायचा आणि परत येऊन इथूनच पाणी भरायचा. दोन्ही फेऱ्या भरलेल्या. धंदा म्हणून बघितलं तर हुशारी होती.

शेतकरी पंच होता. पंचायतीचा पंच. सिंघाडेवाल्याला उठवा असं रविवारी म्हणणाऱ्यांत हाच पुढे असणार होता. त्यानं मला घाबरून नव्हे, चिडून उत्तर दिलं. आत जाऊन बही घेऊन आला आणि माझ्या हातात आपटली.

"वाचा. खसरा माझा. शेत माझं. माझ्या शेतात मी खड्डा खणला, भाड्यानं दिला. माझ्या जमिनीतलं पाणी माझ्या मोटरनं काढलं, विकलं. घेणारा खूश, देणारा खूश. मी कोणाच्या तळ्यात पाय घातला नाही. यात चोरी कुठं आहे, ते दाखवा मला."

मी बही पानपान उलटून बघितली. कागद सगळे बरोबर होते. मी म्हणालो, "ऊन फार आहे. पाणी पाजा."

त्यानं आत हाक मारली. सून तांब्या घेऊन आली. मी दारातून बघितलं, तिनं तांब्या माठातून भरला नव्हता. कोपऱ्यात वीस लिटरचा विकतचा जार उपडा लावलेला होता, त्यातून भरला होता.

"बाई, घरचा बोअर असताना जार?" मी विचारलं.

सासऱ्याकडे न बघताच ती म्हणाली, "दोन महिने झाले. आमचं पाणी आम्हाला पचत नाही."

पंच तिच्यावर ओरडला. पण मी उत्तर ऐकलं होतं, आणि बरोबरच्या दोन गवाहांनीही ऐकलं होतं. कागद वाचून जे मला जमलं नाही ते तिनं एका वाक्यात केलं. जे स्वतः पीत नाही ते दुसऱ्याला विकतो, म्हणजे याला माहीत आहे. माहीत असून करणं आणि नकळत होणं यात ठाण्याच्या कामात सगळा फरक असतो. मी पंचनाम्यात जार लिहिला, जागा लिहिली, सुनेचं बोलणं लिहिलं.

ठाण्यात परत येऊन मी पंचनाम्यांची स्वच्छ प्रत काढायला बसलो. तेव्हा आमचे टीआय, म्हणजे ठाण्याचे प्रभारी, पाठीमागे येऊन उभे राहिले. तरुण होते, शिकलेले, चांगले अधिकारी. त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं.

"सिंघाडेवाल्याच्या नावापुढे तुम्ही हे काय लिहिलंय? तळ्याच्या वरच्या पाण्याचा कब्जेदार? कागद कुठं आहे त्याचा?"

"कागद नाही, सर."

"मग कब्जेदार कसा? साक्षीदार लिहा. खोडा ते."

"नाही खोडणार."

"का?"

"मी डोंगीत बसून बघितलंय. पीक त्याचं, वेल त्याची, बांधावरची शपथ त्याची. सरपंच आणि ठेकेदार दोघांनी जबाबात मान्य केलं की पाण्यावरचं त्याचं. मौक्यावर जे आहे ते मी लिहिलं. खोडायचं असेल तर तुम्ही खोडा आणि खाली सही करा."

त्यांनी ओळीवरचं बोट उचललं. "तुम्ही मराठी लोक फार हट्टी असता," असं म्हणून निघून गेले. खोडलं नाही.

रविवारी पंचायत बसली. मी गणवेशात गेलो. बोलावणं नव्हतं. मासळीचा ठेकेदार म्हणाला की माझ्याकडे ठेक्याचा पट्टा आहे, माझं नुकसान झालं, याला उठवा. मोठा शेतकरी त्या दिवशी आलाच नव्हता. मी उभा राहून पंचनामा वाचला. मला वाचायला वेळ लागतो, अक्षर माझंच असलं तरी. लोकांनी ऐकून घेतलं. भुंगे, काळी मुळं, दोन्ही बाजूंनी दबलेला टँकर, पुलावरचं धुणं, जार. मग मी एक ओळ कोणी न विचारता बोललो.

"याला मी धरलं, ते चुकून धरलं. चूक ठाण्याची आहे, याची नाही."

साहेब लोक असं चारचौघांत बोलत नाहीत. मी साहेब नव्हतो. सिंघाडेवाला भिंतीशी बसला होता, त्यानं मान वर केली नाही. त्याची बायको मात्र मागून मोठ्यानं म्हणाली, "आता म्हणताय! चार दिवस गाव आमच्या हातचं पाणी पीत नव्हतं." मी ऐकून घेतलं. बरोबर बोलली.

त्याला उठवलं नाही. पण सगळं गोड झालं असं कोणी समजू नये. शहराच्या मंडीत बातमी आमच्या आधी पोचली होती. त्या तळ्याचा सिंघाडा त्या साली कोणी घेतला नाही, नाल्याच्या टोकाचा असो की दुसऱ्या टोकाचा. बाजार पंचनामा वाचत नाही. नवरात्रभर वेलीवरच पीक काळं पडलं आणि पाण्यात गेलं. प्रयोगशाळेचा अहवाल पंधरा दिवसांनी नव्हे, दोन महिन्यांनी आला. कंपनीनं पोचपावत्या दाखवल्या, आम्ही घाणीचं काम ठेक्यानं टँकरमालकाला दिलं होतं म्हणाली. ड्रायव्हरला दंड झाला. टँकरमालक आणि मोठा शेतकरी यांची केस मी निवृत्त होईपर्यंत तारखांवर होती. पुढे काय झालं मला ठाऊक नाही.

भरपाईची चौकशी मात्र लागली. मासळीच्या ठेकेदारानं पट्टा जोडला, त्याचं काम झालं. सिंघाडेवाल्याला तहसीलच्या बाबूनं विचारलं, तुझं नुकसान झालं याला पुरावा काय, तळ्यावर तुझा हक्क काय? त्याच्याकडे नारळ फुटलेला बांध होता, आणखी काही नव्हतं. तो ठाण्यात आला. मी त्याला पंचनाम्याची नक्कल काढायला अर्ज लिहून दिला. तीन पिढ्यांत त्या घराचं तळ्याशी नातं ज्या एका सरकारी कागदावर लिहिलेलं होतं, तो माझा कागद होता. बाबूनं तो फिरवून फिरवून बघितला म्हणे आणि शेवटी मान्य केला. पुढल्या वर्षी पंचायतीनं लिलाव केला तेव्हा पट्ट्यात दुसरी ओळ घातली, वरचं पाणी कोणाचं ते लिहून. पंचायतीच्या सचिवानं शब्द माझेच उचलले होते, चुकीच्या वेलांटीसकट.

यातून मी काय शिकलो असं कोणी विचारलं तर मोठं ज्ञान सांगता येणार नाही. पर्यावरणाचे कायदे मला पाठ नाहीत. एवढं दिसलं की ज्याच्या नावावर काहीतरी लिहिलेलं असतं तो ठाण्यात फिर्याद घेऊन येतो. ज्याच्या नावावर काहीच नसतं त्याला आपण जीपमध्ये घालून आणतो. नुकसान दोघांचं सारखं असतं. आणि ज्याचा मालकच कोणी नाही, तो नाला, त्याच्या वतीनं फिर्याद द्यायला कोणीच येत नाही. मासे मेले आणि माशांना मालक होता, म्हणून तरी आम्हाला कळलं. मासे नसते तर ती टाकी अजून पुलावर धुतली गेली असती.

त्यानंतर नोकरीची थोडीच वर्षं राहिली होती. जमिनीचा, पाण्याचा, बांधाचा तंटा घेऊन कोणी आलं की आधी कागद मागायची माझी सवय मी मोडली. कागद मी शेवटी बघायचो. आधी जागेवर जायचो आणि विचारायचो, इथं रोज हात कोणाचे भिजतात.